गंध किड्याचा की हाताचा? जीसी-एमएससाठी कीटकांचे नमुने तयार करताना

‘किडे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत. त्यांचा वास कशाचा, ते जीसी-एमएसवर कळेल का?’ कृषी महाविद्यालयांतले विद्यार्थी हे विचारतात, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक विचारतात, अधूनमधून एखादा मधपेट्यांचा मालकही विचारतो. अल्कोहोलच्या जागी कधी फॉर्मॅलिन असते, तर कधी डांबराच्या गोळ्या टाकलेली लाकडी पेटी. उत्तर मात्र बदलत नाही: नाही कळणार. हे ऐकेपर्यंत हंगाम सरलेला असतो आणि पुन्हा किडे मिळायला वर्षभर थांबावे लागते. म्हणून ही सगळी माहिती एकदाच, सविस्तर.

यंत्राबद्दल तुम्हाला एवढेच ठाऊक असले तरी पुरे. नमुन्याचा एक मायक्रोलीटर गरम नळीत जातो, त्याची वाफ होते, एका लांब, केसासारख्या नळीतून (स्तंभातून) जाताना त्यातले घटक वेगवेगळे होतात आणि बाहेर पडताना प्रत्येकाचे तुकडे करून त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजले जाते. घटक किड्यातून आला, व्हायलच्या झाकणातून आला की तुमच्या बोटावरून, हे यंत्राला समजत नाही. ते समजण्याची सोय तुम्हालाच करून ठेवावी लागते, आणि तीही व्हायलला बूच लागण्याआधी.

सुरुवात प्रश्नापासून करा

‘किड्याचा वास’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलत असतो. तिन्हींची तयारी वेगळी असते.

- हवेत सोडलेला गंध. मादी पतंग नराला बोलावते तेव्हा किंवा ढेकण्या डिवचल्यावर जे बाहेर पडते ते. किडा जिवंत हवा आणि ते काम करत असलेल्या वेळीच गंध पकडायला हवा.
- ग्रंथीत साठवलेला माल. कामगंधाची ग्रंथी, मधमाशीची नांगी, ढेकण्याची दुर्गंधी ग्रंथी. इथे छोटी शस्त्रक्रिया आणि थेंबभर द्रावक लागते. साठवलेले सगळे हवेत सोडले जातेच असे नाही आणि प्रमाणही तेच असते असे नाही. निष्कर्ष लिहिताना हा फरक विसरू नका.
- अंगावरचा मेणासारखा थर. त्यातली हायड्रोकार्बने बहुधा वीसपेक्षा जास्त कार्बनांची असतात. ती हवेत फारशी उडत नाहीत, पण जीसीत व्यवस्थित दिसतात. मुंग्या एकमेकींना ओळखतात त्या याच थरावरून. हेच हवे असेल तर काम त्यामानाने सोपे आहे: अख्खा, कोरडा किडा काही मिनिटे हेक्झेनमध्ये बुडवून बाहेर काढा.

प्रश्न ठरला नसेल तर किडे गोळा करू नका. ‘आधी सगळे काढून बघू, मग ठरवू’ म्हणणाऱ्यांच्या व्हायलमध्ये शेवटी चरबी निघते.

चरबीचे थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळ्यात जास्त नमुने तिच्यामुळेच वाया जातात. अख्खा किडा खलबत्त्यात कुटून द्रावकात घातला की पोटातली चरबी, खाल्लेले पान, विष्ठा असे सगळे उतरते. चरबीचे मोठे रेणू वाफ होऊन पुढे सरकत नाहीत. ते इंजेक्शनच्या जागी बसतात, जळतात आणि तुमच्या पुढच्याच नव्हे तर दुसऱ्यांच्या नमुन्यांच्या आलेखातही खोटी शिखरे उमटवतात. नमुने तपासणाऱ्या केंद्रातला तंत्रज्ञ तुमच्या पिवळ्या, गढूळ व्हायलकडे पाहून नाक मुरडतो ते उगाच नाही. किडा कुटू नका. कुटावाच लागला तर अर्क सिलिका जेलच्या छोट्या स्तंभातून गाळून घ्या. काचेच्या पाश्चर पिपेटच्या टोकाशी काचलोकरीचा बोळा बसवा आणि त्यावर सिलिका भरा. कापूस नको, त्यात मेण असते.

पद्धती तीन, निवड एक

द्रावकाने काढणे. स्वस्त, सोपे, ग्रंथींसाठी उत्तम. हेक्झेन बहुतेक कामांना पुरते. जास्त ध्रुवीय घटक हवे असतील तर डायक्लोरोमिथेन घ्या. बाटलीवर ‘जीसी ग्रेड’ किंवा त्याहून शुद्ध असे लिहिलेले असावे. महाविद्यालयाच्या कपाटातले साधे हेक्झेन वापरायचेच असेल तर आधी तेच आटवून यंत्रावर चालवून बघा, म्हणजे त्यात काय काय आहे ते कळेल. हेक्झेनची वाफ मज्जातंतूंना घातक असते, तेव्हा काम धुरांड्याखालीच करा.

शोषक नळी. काचेच्या भांड्यात जिवंत किडे ठेवायचे, कोळशाने गाळलेली हवा आत सोडायची आणि बाहेर जाणारी हवा पोरापॅक क्यू किंवा टेनॅक्स टीए भरलेल्या नळीतून ओढायची. पोरापॅकवरचा माल तीन-चारशे मायक्रोलीटर द्रावकाने उतरवता येतो. टेनॅक्सच्या नळ्या बहुधा थेट गरम करून वाचतात, त्यासाठी वेगळे जोडयंत्र लागते. ते तुमच्या केंद्रात आहे का, हे नळ्या विकत घेण्याआधी विचारा. हवा फार वेळ आणि फार जोरात ओढली तर हलके रेणू नळीच्या दुसऱ्या टोकातून निसटतात. म्हणून सुरुवातीला दोन नळ्या एकामागे एक जोडा. दुसरीत माल सापडला तर वेळ किंवा वेग कमी करायचा.

एसपीएमई. सुईच्या टोकाशी सेंटिमीटरभर लांबीचा लेप दिलेला धागा असतो. तो बंद भांड्यातल्या हवेत बाहेर काढायचा, ठरावीक वेळ ठेवायचा, परत सुईत ओढायचा आणि थेट यंत्रात खुपसायचा. द्रावक लागत नाही, त्यामुळे द्रावकाच्या शिखराखाली झाकले जाणारे हलके घटकही दिसतात. तोटा असा की धाग्यावर पकडलेला माल एकदाच वाचता येतो, पुन्हा तपासायला काही उरत नाही. शिवाय लेप सगळे रेणू सारखे ओढत नाही, त्यामुळे शिखरांच्या उंचीवरून ‘याचे प्रमाण इतके टक्के’ असे थेट लिहिणे चूक आहे. धागा किड्याला किंवा काचेला टेकू देऊ नका. दर वेळी वापरण्याआधी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तापवून साफ करा, आणि साफ केलेला धागा एकदा रिकामाच चालवून खात्री करा.

पहिल्यांदाच काम करत असाल तर ग्रंथी आणि द्रावक हाच मार्ग धरा, असे मी सुचवेन. एसपीएमई दिसायला सोपे वाटते, पण त्याचे आकडे सांभाळायला अनुभव लागतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत: गुलाबी बोंडअळीची मादी

कापसाच्या पट्ट्यात हा किडा ठाऊक नाही असे घर नसेल. शेतात लावतात त्या कामगंध सापळ्याच्या गोळीत याच मादीचा गंध, कारखान्यात बनवलेला, असतो. त्याचे नाव गॉसिप्लूर. सोळा कार्बनांच्या एकाच ॲसिटेटाची दोन रूपे त्यात साधारण निम्मी-निम्मी असतात. तुमच्या भागातल्या माद्यांमध्ये हे प्रमाण तसेच आहे का, असा प्रश्न तुम्ही घेतला आहे असे धरू.

१. किडकी बोंडे आणून कोष वेगळे करा. नर-मादी कोषावस्थेतच वेगळे ठेवा. मीलन झालेल्या मादीचा गंध कमी होतो, म्हणून कुमारी माद्याच हव्यात.

२. पतंग बाहेर आल्याची तारीख प्रत्येक डबीवर लिहा. दोन-तीन दिवसांच्या माद्या घ्या. सगळ्या एकाच वयाच्या असाव्यात.

३. ग्रंथी मादी ‘बोलावत’ असेल त्या वेळी काढायची. या पतंगाची ती वेळ रात्रीच्या उत्तरार्धात येते. सकाळी अकराला, चहा पिऊन निवांत काढलेल्या ग्रंथीत फार काही मिळत नाही. जागायचे नसेल तर खोलीतला दिवस-रात्रीचा क्रम टाइमरवर उलटा करा आणि पतंगांना त्याची सवय होऊ द्या. अंधारात काम करताना लाल दिवा वापरा.

४. मादीला बर्फावर ठेवून सुस्त करा. पोटाचे टोक चिमट्याने हलकेच दाबले की शेवटची वलये बाहेर येतात; ग्रंथी तिथेच असते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कात्रीने तेवढाच भाग कापा. त्यासोबत आतड्याचा तुकडा आला तर तो नमुना बाद.

५. आता नवखे लोक हमखास चुकतात ती जागा. एका मादीत कामगंध नॅनोग्रॅमच्या हिशोबात असतो. समजा दहा नॅनोग्रॅम आहे. तो एक मिलिलीटर हेक्झेनमध्ये घातला तर यंत्रात जाणाऱ्या एका मायक्रोलीटरात एका नॅनोग्रॅमचा शंभरावा भाग येतो. नेहमीच्या पद्धतीत शिखर दिसणार नाही. तोच वीस मायक्रोलीटरात घातला तर अर्धा नॅनोग्रॅम जातो आणि शिखर ठसठशीत उभे राहते. त्यासाठी दोन मिलिलीटरच्या व्हायलमध्ये निमुळत्या तळाची काचेची आतली कुपी मिळते, ती वापरा. दहा-वीस ग्रंथी एकाच कुपीत घातल्या तरी चालते, फक्त किती घातल्या ते लिहून ठेवा.

६. द्रावकात आधीच माहीत असलेले एक अंतर्गत प्रमाणद्रव्य ठरावीक मात्रेत मिसळलेले असू द्या. पुढे थोडे द्रावक उडून गेले तरी त्याच्या तुलनेत प्रमाण काढता येते. प्रमाणद्रव्य असे निवडा जे किड्यात नसते. शेतातल्या हिरव्या ढेकण्याच्या दुर्गंधीत ट्रायडेकेन भरपूर असते. ढेकण्यावर काम करताना ट्रायडेकेनच प्रमाणद्रव्य म्हणून घातले तर हिशोबाचा विचकाच होईल.

७. पंधरा ते तीस मिनिटे ठेवा. मग द्रावक काचेच्या सिरिंजने दुसऱ्या स्वच्छ कुपीत घ्या, ऊती मागे राहू द्या. ऊती आत राहिल्या तर त्यातली विकरे आपले काम करत राहतात आणि ॲसिटेटाचे अल्कोहोल होऊ शकते.

८. व्हायलला टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण घट्ट लावा. द्रावकाच्या पातळीशी बाहेरून बारीक खूण करा. आठवड्याने पातळी खाली गेलेली दिसली तर झाकण गळते आहे.

रेशीमकिड्याचा कामगंध, बॉम्बिकॉल, १९५९ साली जर्मनीत बुटेनांट यांच्या गटाने शोधला तेव्हा सुमारे पाच लाख माद्या लागल्या होत्या. तुम्हाला वीस पुरतात. फरक यंत्राचा आहे, आणि यंत्राची हीच तीक्ष्णता तुमच्या हाताची घाणही दाखवते.

घाण येते कुठून

याच गुलाबी बोंडअळीचा इतिहास इथे कामी येतो. १९६६ साली अमेरिकेत तिच्या कामगंधाचा रेणू ओळखल्याचे जाहीर झाले, त्याला प्रॉपिल्यूर असे नावही मिळाले. कारखान्यात बनवलेला प्रॉपिल्यूर शेतात नरांना ओढेना. मग १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याच गटाचा निबंध आला की मादीच्या अर्कात डीटही सापडले आहे. डीट म्हणजे डास पळवायच्या मलमातला रेणू. १९७३ साली खरा कामगंध हाती लागला तेव्हा त्यात ना प्रॉपिल्यूर होता ना डीट. डीट त्या अर्कात कसे आले याचा अंदाज ज्याने त्याने करावा. आज असा निबंध आला तर परीक्षक पहिल्याच पत्रात ब्लँक, म्हणजे किड्याशिवाय केलेली तीच तपासणी, मागतील.

तुमच्या खोलीतही हे सगळे असू शकते:

- हात आणि अंग. डासरोधक मलम, अत्तर, डिओ, सॅनिटायझर, केसांचे तेल. त्वचेवरचे स्क्वेलिन बोटाच्या एका ठशानेही उतरते. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घाला, आणि तेही द्रावकात बुडवू नका.
- प्लास्टिक. एपेनडॉर्फ नळ्या, प्लास्टिकच्या टिप, लवचीक पीव्हीसी नळ्या. यांतून थॅलेटे निघतात, ती वर्णपटात १४९ या वस्तुमानाने ओळखू येतात. द्रावक फक्त काच, टेफ्लॉन आणि धातू यांनाच लागू द्या.
- पॅराफिल्म. झाकणावर गुंडाळायला सगळे वापरतात. ते मेणच आहे, हेक्झेनमध्ये विरघळते. त्यातून उतरलेली हायड्रोकार्बने किड्याच्या अंगावरची समजून छापली जाऊ शकतात.
- मारण्याची बरणी. इथाइल ॲसिटेट किंवा क्लोरोफॉर्म अंगात मुरते, आणि हलक्या घटकांची जागा तेच घेते.
- डांबर गोळ्या. संग्रहाच्या पेटीतल्या किड्यात नॅफ्थलीन इतके मुरलेले असते की बाकीचे त्यात बुडते. संग्रहातला जुना किडा गंधाच्या कामाला घेऊ नका.
- यंत्र स्वतः. २०७ आणि २८१ या वस्तुमानांची शिखरे स्तंभातून किंवा रबरी चकतीतून झिरपणाऱ्या सिलॉक्सेनची असतात. किड्याने सिलिकॉन बनवले असे कुणी लिहीत नाही, पण शिखरांच्या यादीत ती तशीच राहून गेलेली असतात.
- मार्करची शाई. व्हायलवर मार्करने नाव लिहिले, हेक्झेनचा ओघळ आला, नाव गेले. कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा आणि चिठ्ठी बाहेरून चिकटवा.

काचसामान साबणाने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने, मग ॲसिटोन आणि हेक्झेनने धुवा. मापनाच्या खुणा नसलेली काच रात्रभर भट्टीत तापवून घ्या. सिरिंज आणि मापाची काच भट्टीत घालू नका. चिमटा-कात्री दोन नमुन्यांच्या मध्ये हेक्झेनने पुसून घ्या.

ब्लँक हाही नमुनाच

बजेट कमी आहे म्हणून सर्वांत आधी ब्लँक कापले जातात. नमुने हवे तर कमी करा, ब्लँक नको. निदान हे असायला हवेत:

- नुसते द्रावक, त्याच बाटलीतले, त्याच दिवशीचे.
- पूर्ण कृतीचा ब्लँक: तीच कुपी, तीच कात्री, तोच वेळ, फक्त ग्रंथी नाही.
- हवा ओढत असाल तर रिकामे भांडे. पानावर बसलेला किडा असेल तर नुसते पान, आणि खाल्लेले पानही. कपाशीचे पान अळीने कुरतडले की स्वतःच वेगळा गंध सोडते. तो अळीचा म्हणून लिहिला गेला तर पुढचे सगळे फसते.
- शरीराचा दुसरा भाग: ग्रंथीच्या जोडीला तेवढ्याच आकाराचा छातीचा किंवा पायाचा तुकडा. घटक ग्रंथीतच आहे की सगळ्या अंगावर, हे त्यावरून कळते.

नमुने यंत्रावर ‘सगळ्या माद्या आधी, सगळे नर नंतर’ अशा क्रमाने लावू नका. मिसळून लावा आणि मधूनमधून ब्लँक ठेवा. यंत्र दिवसभरात बदलत जाते. क्रमाने लावले तर तो बदल नर-मादीतला फरक वाटतो.

मारणे, साठवणे

मारायचेच असेल तर थंडीने. किडा स्वच्छ काचेच्या व्हायलमध्ये, एकटा, उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये. ‘एकटा’ यावर जोर आहे. एकाच बाटलीत पंचवीस ढेकण्या कोंबल्या तर मरता मरता सगळ्या दुर्गंधी सोडतात आणि प्रत्येकीच्या अंगावर सगळ्यांचा माल बसतो. मधमाशीचेही तसेच. तिचा मुख्य धोकागंध आयसोअमाइल ॲसिटेट, पिकलेल्या केळ्यासारख्या वासाचा. माश्या चिडलेल्या असताना पकडल्या तर नमुन्यात तोच भरून राहतो. धूर देऊन पकडल्या तर धुरातले घटक येतात. पेटीच्या दाराशी काचेच्या नळीने एकेक माशी उचला आणि लगेच बर्फात ठेवा.

गोठवलेला किडा वितळवून पुन्हा गोठवू नका. बर्फाच्या स्फटिकांनी ग्रंथी फुटते आणि वितळताना विकरे जागी होतात. शक्य असेल तर ताज्या किड्यातूनच अर्क काढा आणि अर्क गोठवा. किड्यापेक्षा अर्क जास्त टिकतो. आल्डिहाइडांचे मात्र हवेतल्या ऑक्सिजनने आम्ल होते, म्हणून आल्डिहाइडे असलेले ढेकण्यांचे नमुने फार दिवस ठेवू नका.

अर्क दाट करायचा असेल तर नायट्रोजनच्या अगदी मंद झोतात, बर्फावर ठेवून करा, आणि पूर्ण कोरडा कधीच करू नका. कोरड्या व्हायलमधून सगळ्यात आधी उडून जातात ते हलके रेणू, आणि तुम्हाला नेमके तेच हवे असतात.

लाल हुमल्यांवर काम करणाऱ्यांना एक वेगळी सूचना. या मुंग्यांच्या विषग्रंथीत फॉर्मिक आम्ल असते. ते लहान, ध्रुवीय आणि पाण्यासोबत राहणारे आहे. हेक्झेन आणि नेहमीचा अध्रुवीय स्तंभ यांवर ते नीट दिसत नाही, शिवाय बऱ्याच केंद्रांत यंत्र द्रावक निघून जाईपर्यंत बंद ठेवतात, त्या काळात ते निसटते. अहवालात फॉर्मिक आम्ल नाही म्हणजे मुंगीत नाही असे नव्हे. केंद्राला आधी सांगा.

केंद्रापर्यंतचा प्रवास

अकोल्याहून किंवा सावंतवाडीहून पुण्या-मुंबईला नमुने न्यायचे तर खरा शत्रू ऊन. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळते. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीत ठेवलेली व्हायल म्हणजे उकळते भांडे. हेक्झेन ६९ अंशांपर्यंत टिकते, म्हणून उन्हाळ्यात प्रवास असेल तर हेक्झेनच बरे.

- टपालाने ज्वलनशील द्रव पाठवता येत नाही. कुरिअरला ‘औषध’ सांगून पाठवण्याचा मोह टाळा. पेटीत आग लागली तर जबाबदारी तुमची.
- स्वतः रेल्वेने किंवा गाडीने नेऊ नका असे मी म्हणणार नाही, पण न्यायचे ते विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून, अगदी थोड्या मात्रेत आणि नियम पाळूनच. रेल्वेतही ज्वलनशील द्रव सामानात नेण्यावर बंधने आहेत.
- त्यापेक्षा सोयीचे म्हणजे शोषक नळ्या. दोन्ही टोकांना धातूची झाकणे लावून थंड ठेवल्या तर त्या टिकतात आणि त्यात सांडण्यासारखे काही नसते.
- सुका बर्फ वापरलात तर पेटी हवाबंद करू नका, गॅस साचून ती फुटते. विमानाने न्यायचा तर कंपनीची संमती घ्या आणि पेटीवर यूएन १८४५ असे लिहा.

अर्ज भरताना सांगा आणि मागा

मुंबईच्या आयआयटीतल्या सैफसारख्या केंद्रांत बाहेरच्या संशोधकांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. देशातल्या कोणत्या संस्थेत कोणते यंत्र आहे ते आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येते. अर्जात ‘कीटकाचा अर्क’ एवढेच लिहून थांबू नका. द्रावक कोणते, अंदाजे किती तीव्र, कोणत्या प्रकारचे घटक अपेक्षित, प्रमाणद्रव्य कोणते, हे लिहा. पतंगांच्या ॲसिटेटांसाठी सर्वसाधारण निवड अशी: ३० मीटरचा अध्रुवीय स्तंभ, एक मायक्रोलीटर, नमुना न विभागता इंजेक्शन, ५० अंशांपासून सुरुवात करून २८० अंशांपर्यंत हळूहळू वाढ. तुमचा नमुना थेंबभर असताना केंद्राने तो विभागून चालवला तर नव्वद टक्क्यांहून अधिक माल बाहेर फेकला जातो. म्हणून हे आवर्जून लिहा. यादीत सरळ साखळीच्या अल्केनांचे मिश्रणही चालवायला सांगा, त्याशिवाय धारणा निर्देशांक (घटक स्तंभातून केव्हा बाहेर पडतो ते अल्केनांच्या तुलनेत सांगणारा आकडा) काढता येणार नाही.

शुल्क भरणारे म्हणून तुम्ही हे मागू शकता, आणि मागायलाच हवे:

- यंत्राची मूळ डिजिटल फाइल. फक्त पीडीएफ नव्हे. पीडीएफवरून कुणीही काहीही पुन्हा तपासू शकत नाही.
- वापरलेल्या पद्धतीचा पूर्ण तपशील, ब्लँकचा आलेख, चालवण्याचा क्रम.
- उरलेला नमुना परत.
- विदा कोणाकडे किती काळ राहील याचे लेखी उत्तर.

सहलेखकत्वाचा मुद्दा आधीच मिटवा. ठरलेले शुल्क घेऊन ठरलेली तपासणी केली तर आभारात नाव पुरते. तंत्रज्ञाने पद्धत बदलली, घटक ओळखण्यात डोके लावले, तर त्यांचे नाव लेखकांत असणे रास्त आहे. निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी यावर वाद घालण्यात काही हशील नाही.

अहवाल हातात आल्यावर

अहवालात प्रत्येक शिखरासमोर एक नाव आणि ‘जुळणी ९१ टक्के’ असा आकडा असेल. ते संगणकाने ग्रंथालयातल्या वर्णपटांशी जुळवून केलेले अनुमान आहे, ओळख नव्हे. ब्लँकमधले प्रत्येक शिखर आधी खोडा. उरलेल्यांचा धारणा निर्देशांक छापलेल्या मूल्यांशी ताडून पाहा. त्यातही महत्त्वाचे घटक असतील तर शुद्ध प्रमाणद्रव्य विकत घेऊन त्याच स्तंभावर चालवा.

पतंगांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. दुहेरी बंध साखळीत कुठे आहे आणि कोणत्या बाजूला वळलेला आहे, हे वस्तुमानाच्या वर्णपटावरून सहसा सांगता येत नाही. ७ क्रमांकावर आणि ९ क्रमांकावर बंध असलेली ॲसिटेटे संगणकाला जवळपास एकसारखीच दिसतात, नराला मात्र मुळीच नाहीत. एकच बंध असेल तर डायमिथाइल डायसल्फाइडशी प्रक्रिया करून जागा ठरवता येते. बंधाचे वळण ओळखायला ध्रुवीय स्तंभ आणि दोन्ही प्रकारांची शुद्ध प्रमाणद्रव्ये लागतात. एवढे झाले नसेल तर निबंधात ‘हेक्झाडेकाडायनाइल ॲसिटेट, बंधांची जागा अनिश्चित’ असे लिहा. प्रामाणिक परीक्षक त्याबद्दल कधी निबंध नाकारत नाही. ग्रंथालयाने सुचवलेले लांबलचक नाव जसेच्या तसे उतरवलेले दिसले की नाकारतो.

परवानग्या आणि पुरावा

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून किडा उचलायला वन विभागाची परवानगी लागते, अगदी मुंगी असली तरी. बाहेरही काही फुलपाखरे आणि भुंगेरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. यादी बघूनच जाळे उचला. शेतातल्या किडीला हा अडसर नाही, शेतकऱ्याची संमती मात्र घ्या. नमुने परदेशी सहकाऱ्याला पाठवायचे असतील तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागू शकते. ‘थेंबभर अर्कच तर आहे’ ही पळवाट धरू नका. संस्थेच्या कार्यालयामार्फत लेखी विचारणा करा, त्याला वेळ लागतो म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात करा.

आणि प्रत्येक गटातले पाच-सहा किडे बाजूला काढून, यावेळी खुशाल, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. अर्कावरची नोंद आणि या बाटलीवरची नोंद एकच असू द्या: तारीख, गाव, पीक, गोळा करणाऱ्याचे नाव. जातीची खात्री नसेल तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते. गंधाचा शोध कितीही नेटका असला तरी तो कोणत्या किड्याचा, हे दाखवायला ही बाटली मागितली जाते.